गौडी, पैष्टी, माध्वी : भारतीय व्हिस्की ओळखताना

दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत बंगळूरला नोकरी करणारा माझा भाचा अमरावतीला आला, तो एक बाटली घेऊन. भारतात तयार झालेली सिंगल माल्ट व्हिस्की. जेवणाआधी त्याने दोन ग्लासांत थोडी थोडी ओतली, पाण्याचे चार थेंब टाकले आणि विचारले, "मामा, तुमी तीस वर्षं मराठी शिकवली. सांगा, कशी लागते?"

"चांगली आहे," मी म्हणालो.

"चांगली म्हणजे कशी?"

"जरा कडक."

"कडक तर चहा पण असतो, मामा."

मग त्याने मोबाइलवर त्या बाटलीबद्दल कुणी तरी इंग्रजीत लिहिलेले वाचून दाखवले. जर्दाळू, टॉफी, जुने चामडे, समुद्रावरचा धूर. समुद्र मी चार वेळा पाहिला आहे, जर्दाळू सुकलेलाच खाल्ला आहे. पण ते शब्द परके होते याचे मला फार वाटले नाही. वाटले ते हे, की त्यांच्या जागी ठेवायला माझ्याकडे एकही शब्द नव्हता. आंब्याबद्दल, पुरणाबद्दल, ठेच्याबद्दल मी पानभर बोललो असतो.

तेव्हापासून मी शब्द गोळा करू लागलो. प्यायल्यावर माणसाचे काय होते, याला मराठीत शब्दांचा तुटवडा नाही: झिंगणे, तर्र होणे, टल्ली, टुन्न, फुल्ल, धुंद, दारुडा, बेवडा, पिदाड. मापालाही आहेत: चपटी, पव्वा, नाइंटी, क्वार्टर, खंबा. न बोलता बोलायचे शब्द तर फारच सुंदर. 'घेता का?' म्हणजे काय घेता, हे विचारावे लागत नाही. 'आज बसायचं का?' या प्रश्नातले बसणे कुठले, ते महाराष्ट्रातल्या शाळकरी पोरालाही कळते. पण ग्लासात जे आहे त्याच्या चवीसाठी, वासासाठी, त्याचा एक प्रकार दुसऱ्यापासून वेगळा सांगण्यासाठी शब्द शोधायला गेलो की हात रिकामे. मराठीला पिणारा ठाऊक आहे, पेय ठाऊक नाही.

याचा सर्वांत मोठा पुरावा आपल्या रंगभूमीवरच आहे. राम गणेश गडकऱ्यांचे 'एकच प्याला' 1919 साली गंधर्व नाटक मंडळीने रंगभूमीवर आणले. त्याच वर्षी जानेवारीत गडकरी आमच्या विदर्भात, सावनेरला वारले होते. शंभर वर्षांहून अधिक काळ मराठी माणूस दारूविषयी जे बोलतो ते या नाटकाच्या सावलीत बोलतो. वकील सुधाकर, त्याला पहिला प्याला देणारा तळीराम, जात्यावर बसून संसार ओढणारी सिंधू. नाटक संपते तेव्हा प्याला आठवतो, सिंधू आठवते. प्याल्यात काय होते, ब्रँडी की व्हिस्की की आणखी काही, हे मी आजवर ज्यांना विचारले त्यांपैकी एकालाही आठवले नाही. मलाही नाही. ही नाटकाची उणीव मी मानत नाही. गडकऱ्यांना घराची पडझड दाखवायची होती, तळघरातली पिंपे नाही.

मात्र याच नाटकात तळीरामाचे 'आर्यमदिरामंडळ' आहे. ते नाव आज पुन्हा ऐकून पाहा. सगळ्या गोष्टींच्या मागे 'आर्य' आणि पुढे 'मंडळ' लावून त्यांना राष्ट्रीय करून टाकण्याच्या त्या काळच्या सवयीची गडकऱ्यांनी दारूच्या निमित्ताने रेवडी उडवली. राष्ट्रीय मदिरा ही मराठीत सर्वप्रथम एक थट्टा म्हणून आली. त्याच सुमारास, 1918 साली, मासाताका ताकेत्सुरू नावाचा एक जपानी तरुण स्कॉटलंडला गेला, तिथल्या भट्ट्यांत राबला आणि पाहिलेले सारे वहीत टिपून घेऊन परतला. 1923 मध्ये जपानमधली पहिली माल्ट व्हिस्कीची भट्टी यामाझाकीला उभी राहिली, ती त्या वहीच्या भरवशावर. त्यांनी टिपणे काढली, आपण शोकांतिका लिहिली. आपण चुकलो असे मला म्हणायचे नाही. का नाही, ते पुढे येईलच.

आधी व्हिस्कीकडे वळू. स्कॉच म्हणवून घेण्यासाठी कायद्याने काही अटी आहेत. ती धान्यापासून व्हावी, स्कॉटलंडमध्येच व्हावी, ओकच्या पिंपात किमान 3 वर्षे राहावी. आणखी एक अट आहे, तिच्याकडे फारसे कुणाचे लक्ष जात नाही: गाळताना मद्यार्काचे प्रमाण 94.8 टक्क्यांच्या खाली राहिले पाहिजे. म्हणजे ज्या धान्यापासून ती झाली, त्याचा वास आणि चव उरली पाहिजे. आपल्याकडे व्हिस्की म्हणून जी प्रचंड प्रमाणात खपते तिचा मोठा भाग उसाच्या मळीपासून येतो. मळी आंबवायची, तिचा मद्यार्क 96 टक्क्यांपर्यंत शुद्ध करायचा, म्हणजे त्याला स्वतःचे काही मत उरत नाही. मग पाणी, रंग, अर्क आणि थोडे माल्ट मिसळून 42.8 टक्क्यांवर बाटलीत भरायचा. युरोपात याला व्हिस्की म्हणता येत नाही. आपल्याकडे म्हणता येते.

या बाटल्यांची नावे एक वाङ्मयीन संहिता म्हणून वाचण्यासारखी आहेत. मॅकडॉवेल्स, बॅगपायपर, ऑफिसर्स चॉईस, रॉयल स्टॅग, पीटर स्कॉट. अकोल्याच्या जुन्या बसस्थानकाजवळ परमिट रूममध्ये बसून खारे शेंगदाणे खाणारा माणूस एका ओळीत मशकवाद्य, साहेब आणि शाही सांबर पिऊन घरी जातो. पीटर स्कॉटवरून तर खटलाच झाला. स्कॉच व्हिस्की असोसिएशनचे म्हणणे होते की 'स्कॉट' या नावाने ग्राहकाची फसवणूक होते. 2008 साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल खोडे डिस्टिलरीजच्या बाजूने दिला. असोसिएशनने दाद मागायला फार उशीर केला हे एक कारण. दुसरे असे की अशी दारू घेणारा ग्राहक शिकलेला आणि पैसेवाला असतो, नावाने फसण्याइतका भाबडा नसतो. हे कारण मला मोठे गमतीचे वाटते. हा गिऱ्हाईक फसत नाही, हे मान्य. पण न फसताही त्याला ते नाव हवे असते, हा भाग कोर्टाच्या कक्षेबाहेरचा.

दुकानावरच्या पाट्या याहून बोलक्या आहेत. 'सरकारमान्य देशी दारूचे दुकान' ही पाटी महाराष्ट्रात नवीन राहिलेली नाही. तिच्या पलीकडे असते ती 'विदेशी'. पण ती विदेशातून आलेली नसते. तिचे सरकारी नाव 'भारतात बनवलेली विदेशी दारू'. या चार शब्दांत आपल्या सांस्कृतिक इतिहासाचे एक प्रकरण आहे. देशी आणि विदेशी, दोन्हींचा मद्यार्क पुष्कळदा एकाच मळीतून येतो. फरक रंगाचा, किमतीचा आणि दुकानात कोण उभे आहे याचा. वरुड-मोर्शी हा आमच्या जिल्ह्यातला संत्र्याचा पट्टा; त्याच जिल्ह्यात देशी दारूची बाटली 'संत्रा' म्हणून मागितली जाते, आणि तिच्यातला संत्रा अर्काच्या बाटलीतून आलेला असतो. बागेतला संत्रा भाव पडला की रस्त्यावर फेकला जातो.

यापेक्षा जुनी आणि माझ्या मते अधिक शहाणी विभागणी मला अनपेक्षित ठिकाणी सापडली. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात सुरेचे तीन प्रकार सांगितले आहेत: गौडी, पैष्टी, माध्वी. गुळाची ती गौडी. पिठाची, म्हणजे धान्याची, ती पैष्टी. आणि माध्वी टीकाकारांनी मधूकाच्या, म्हणजे मोहाच्या, फुलांशी जोडली आहे. तिन्ही वर्ज्य, हे सांगण्यासाठीच हा श्लोक आहे. मनुस्मृतीविषयी माझी भक्ती नाही आणि या लेखाने ती वाढणारही नाही. पण ज्याला बंदी घालायची होती त्यालासुद्धा दारू कशापासून झाली हे आधी विचारावेसे वाटले, एवढे खरे. आपल्या अबकारी खात्याने ते मुख्य प्रश्नातून काढून टाकले आणि त्या जागी देश-विदेश आणले. जुन्या नावांनी पाहिले तर आपली बहुसंख्य व्हिस्की ही गौडी आहे, पैष्टीच्या वेषातली. भाच्याने आणलेली ती खरी पैष्टी.

या खऱ्या पैष्टीची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण ती आता वर्तमानपत्रांतून पुष्कळ आली आहे. बंगळूरच्या अमृत डिस्टिलरीजने 2004 साली आपली सिंगल माल्ट ग्लासगोत, म्हणजे स्कॉचच्या माहेरी नेऊन विकायला काढली; भारतातल्या दुकानांत ती त्यानंतर आली. 2010 च्या 'व्हिस्की बायबल'मध्ये जिम मरे या समीक्षकाने तिच्या 'फ्यूजन'ला जगातली तिसरी उत्कृष्ट व्हिस्की ठरवले, आणि मग इकडे ती कौतुकाची झाली. गोव्यातून पॉल जॉन आली, उत्तर प्रदेशातून रामपूर, हरयाणातून इंद्री. इंद्रीच्या खास दिवाळीसाठी काढलेल्या बाटलीला 2023 मध्ये अमेरिकेतल्या एका स्पर्धेत सर्वोच्च मान मिळाला. नावे पाहा: बॅगपायपर जाऊन अमृत आले. आर्यमदिरामंडळ, पण या वेळी गंभीरपणे.

यात राष्ट्रीय म्हणावे असे खरोखर काही आहे का? माझ्या समजुतीप्रमाणे एक गोष्ट आहे, आणि ती ऊन. पिंपातली व्हिस्की लाकडातून हळूहळू उडत असते. स्कॉटलंडमध्ये वर्षाला सुमारे 2 टक्के उडते, बंगळूरला 10 ते 12 टक्के. देवदूतांचा वाटा म्हणतात तिकडे त्याला. उष्णतेने व्हिस्की लाकडात जोरात शिरते, जोरात बाहेर येते. तिकडे जे 12 वर्षांत साधते त्यातले बरेच इकडे चार-पाच वर्षांत उरकते, आणि अधिक ठेवली तर पिंपात वास तेवढा शिल्लक. मे महिन्यात 45 अंशांच्या वर जाणाऱ्या आमच्या अकोल्यात पिंप ठेवले तर देवदूतांना किती मिळेल आणि मालकाला किती, याचा हिशोब भाच्याने मांडून पाहिला. देवदूत जिंकले. भाच्याची भारतीय माल्ट चार वर्षांची असून थोराड वाटत होती, ती या उन्हाने. लवकर पिकलेली, थोडी जाडजूड, गोडसर. उन्हाळ्यात आढीत घातलेल्या आंब्यासारखी. हे वाक्य मला त्या रात्री सुचले असते तर बरे झाले असते.

धान्याचे म्हणाल तर वऱ्हाडाचे धान्य ज्वारी. सोयाबीन येण्यापूर्वी इथली शेते कापूस आणि ज्वारी यांनी भरलेली असत, अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात ज्वारीच्या संशोधनाचा स्वतंत्र विभाग आहे. चीनमध्ये जी कडक दारू घराघरांत जाते, ती बैज्यू, ती मुख्यतः ज्वारीचीच. तिचा वास एकदा घेतला की विसरत नाही. आवडतोच असे नाही. तेव्हा ज्वारीची दारू म्हणजे काय होऊ शकते हे जगाला ठाऊक आहे. आपल्याकडे 2007 मध्ये राज्य सरकारने धान्यापासून मद्यार्क काढणाऱ्या कारखान्यांना अनुदानाचे धोरण आणले. पावसात भिजून काळी पडलेली ज्वारी शेतकऱ्याला पैसे देईल, असे त्याचे समर्थन होते. डॉ. अभय बंग आणि इतर अनेकांनी कडाडून विरोध केला: ज्या राज्यात मुले कुपोषित आहेत तिथे अन्नाची दारू करायला सरकारने पैसे द्यायचे? तो विरोध मला तेव्हाही पटला होता. पण त्या सगळ्या वादात एक गोष्ट कुणी विचारली नाही, मीही नाही. कारखान्यांत होणार होता तो 96 टक्क्यांचा मद्यार्क, ज्यात ज्वारी, मका, मळी सगळे सारखेच. वऱ्हाडच्या ज्वारीची चव असलेले काहीही त्यातून निघणार नव्हते. ज्वारी तिथे फक्त साखरेचे पोते होती.

आता माध्वी. मेळघाट आमच्याच जिल्ह्यात, धारणी आणि चिखलदरा हे दोन तालुके. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची पानगळ होते आणि पहाटे फुले टपटप खाली पडतात. कोरकू बायका-मुले उजाडायच्या आत टोपल्या घेऊन झाडाखाली असतात. फूल पिवळसर पांढरे, मांसल, रसाने भरलेले. वाळले की मनुकेसारखे सुरकुततो आणि तपकिरी होतो त्याचा रंग. ते भाजून खातात, भाकरीत घालतात, गुरांना देतात, देवाला वाहतात आणि त्याची दारू गाळतात. व्हिस्कीसाठी धान्याला आधी मोड आणून त्यातली साखर मोकळी करावी लागते. मोहाला तेवढीही खटपट नको, साखर फुलात तयारच.

ही आमच्या भागातली एकमेव दारू, जिला झाड आहे, ऋतू आहे, गाव आहे. तिच्याविषयीचे मराठी कुठे सापडते? पोलिसांच्या बातम्यांत. अमरावती-यवतमाळकडची वर्तमानपत्रे वाचणाऱ्याला 'सडवा मोहा जप्त' हा मथळा पाठ असतो. आंबवलेल्या मोहाला इथे सडवा म्हणतात. इडलीचे पीठ आंबते, लोणचे मुरते, मोह मात्र सडतो. 'हातभट्टी', 'गावठी', 'रसायन' हे सारे पंचनाम्यातले शब्द. 1892 साली मुंबई सरकारने ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी मोहाचा कायदाच केला. फुले गोळा करणे, साठवणे यांवर बंधने आली, कारण घरची दारू असेपर्यंत सरकारी ठेक्याची दारू कोण घेणार? वऱ्हाड त्या कायद्याखाली नव्हते, पण विचार तोच राहिला. महाराष्ट्राने मोहफुलांवरचे निर्बंध उठवले ते 2021 मध्ये. आणि 2022 मध्ये मंत्रिमंडळाने मोहाच्या आणि काजूबोंडांच्या दारूला 'देशी'तून काढून 'विदेशी' वर्गात घातले, म्हणजे तिला मान आणि बाजार मिळेल. हेतू चांगला असेल. पण मोह विदेशी! सीमेपलीकडच्या मध्य प्रदेशाने निदान 'हेरिटेज' हा शब्द शोधला. गोव्याने तर फेणीला 2009 सालीच भौगोलिक मानांकन मिळवले. तिथे हुर्राक कुठली आणि फेणी कुठली, हे घरातली आजीसुद्धा वासावरून सांगते आणि त्यात तिला काही चोरटे वाटत नाही.

मोहाच्या भट्टीने मराठीला एक शब्द मात्र दिला आहे: 'पहिल्या धारेची'. आपण तो भाषणाला, कवितेला, शिवीलाही लावतो. अस्सल, तेज, बिनपाण्याची असा त्याचा अर्थ. व्हिस्कीवाल्यांकडे पहिल्या धारेचे काय करतात? बाजूला काढतात. गाळताना आधी जे येते त्यात उग्र आणि घातक द्रव्ये अधिक असतात. ते वेगळे करायचे, शेवटचे वेगळे करायचे आणि मधले ठेवायचे, यातच भट्टीवाल्याचे कसब. आपल्या भाषेत मधल्या धारेला नावच नाही. चवीच्या भाषेत आपला एकुलता शब्द, तोही जोर सांगणारा.

आता मघाशी सोडलेला प्रश्न. ही भाषा आपल्याकडे का झाली नाही? अज्ञानामुळे नाही. गाडगेबाबांचा जन्म 1876 साली अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा. वडील झिंगराजी दारूत गेले, बाबा आठ वर्षांचे असताना. मग आई लेकराला घेऊन माहेरी, मूर्तिजापूरजवळच्या दापुऱ्याला आली. पुढे मुलीच्या बारशाला दारू-मटणाची रीत मोडून बाबांनी गोडाचे जेवण घातले, भाऊबंदांचा राग पत्करून. ज्या प्रदेशाची नैतिक भाषा या माणसाने आणि मोझरीच्या तुकडोजी महाराजांनी घडवली, तिथे दारूच्या चवीवर बोलणे हे झिंगराजीच्या तिरडीशेजारी बसून मसाल्याची चर्चा करण्यासारखे वाटते. माझ्याही घरात एक काका असे गेले. त्यांच्या बायकोसमोर मी हा लेख वाचून दाखवणार नाही.

तरीही मला वाटते, या पवित्र मौनाचा फायदा आजवर भलत्यांनीच घेतला. ज्याला आपण काय पितो हे सांगता येत नाही, त्याला काय पाजले गेले हेही विचारता येत नाही. 2015 च्या जूनमध्ये मुंबईत मालवणीला शंभरहून अधिक माणसे मेली, मिथेनॉलने. मराठीत आपण त्याला 'विषारी दारू' म्हटले आणि दारू हेच विष असल्याने तो शब्द पुनरुक्तीसारखा ऐकू आला. मौन गरिबाच्या ग्लासावर अधिक घट्ट बसले. विदेशीला जाहिरात करायला सोडा आणि संगीताच्या सीडी होत्या, माल्टला इंग्रजी समीक्षक मिळाले; मोहाला पंचनामा.

आणि कायद्यातले ढोंग तर वेगळेच. 1949 चा दारूबंदी कायदा महाराष्ट्रात अजून आहे. रीतसर प्यायची तर परवाना लागतो आणि त्या परवान्यावर तुम्ही आरोग्य राखण्यासाठी पिता असे गृहीत धरलेले असते. चवीसाठी पितो, असा रकाना नाही. वर्ध्यात 1975 पासून आणि गडचिरोलीत 1993 पासून बंदी आहे. चंद्रपुरात 2015 ला आली आणि 2021 ला उठली. बंदी असावी की नसावी हा या लेखाचा विषय नाही. बाया मागतात तेव्हा त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळत असते.

गेल्या एप्रिलमध्ये धारणीच्या बाजारातून मी पावशेर वाळलेला मोह आणला. विकणाऱ्या बाईंनी विचारले, "कायले पायजे मास्तर, गाईले का?" मी म्हटले, वास घ्यायला. त्यांनी मूठभर माझ्या तळहातावर टाकली आणि दुसऱ्या पोत्यातली मूठभर शेजारी ठेवली. "हे दवातलं हाय, हे उन्हातलं. वास येगळा येते, पाहा." आला. पहिल्याला ओलसर, जरा आंबूस, दुसऱ्याला भाजल्यासारखा. त्या बाईंना फरक सांगायला बाटलीमागचे लेबल लागले नाही.

या दिवाळीत भाचा आला तेव्हा त्याच्या बाटलीतले उरलेले दोन बोटे पेय मी ओतायला लावले आणि वाटीत मोह ठेवला. एकदा हे हुंगले, एकदा ते. भाचा म्हणाला, "सांगा मामा."

"भिजवलेल्या मनुका," मी म्हणालो. "मागून जळका गूळ. आणि पावसात भिजून चुलीपाशी वाळत घातलेलं घोंगडं."

त्याने पुन्हा वास घेतला. "घोंगडं कशात, ग्लासात का वाटीत?"

"दोन्हीत," मी म्हणालो. "वाटीत जास्त."